सर्व्हिसिंगनंतरचे पहिले पन्नास किलोमीटर

नाशिकमध्ये मोटारसायकलच्या इंजिनाची परीक्षा घ्यायची तर द्वारका चौक पुरेसा आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता इथे मिळतात. लांबची वाहतूक उड्डाणपुलावरून निघून जाते. खाली उरते ती शहराची गर्दी. काठे गल्लीकडून येणाऱ्या रिक्षा, भद्रकालीत माल उतरवून परतणारे टेम्पो, नाशिकरोडच्या बस आणि या सगळ्यांच्या फटीत पुढचं चाक घुसवणारे दुचाकीस्वार. कोंडीत गाडी बराच वेळ नुसती फुरफुरत उभी राहते, मग अर्ध्या क्लचवर इंचाइंचानं सरकते आणि वाट मोकळी झाली की तिला एकदम उचलावं लागतं. आयडलिंग, क्लच, पिकअप आणि गरम झाल्यावरचं वागणं, या चारही गोष्टी एकाच चौकात कळतात. सर्व्हिस सेंटरच्या आवारात दोन फेऱ्या मारून ‘ओके’ ठरलेली गाडी इथे येऊन बंद पडते ती त्यामुळेच. मागून हॉर्न सुरू होतात ते वेगळं.

मालक तडक परत जातो. काल गाडी टाकली तोवर ठीक होती, एवढंच त्याचं म्हणणं असतं. काउंटरवरचा सल्लागार जॉबकार्ड उलगडतो, खालची सही बघतो आणि विचारतो, ‘‘दादा, पेट्रोल कुठं भरलं होतं?’’ पुढचा संवाद बहुतेक दुचाकीवाल्यांना पाठ आहे.

या भांडणात मालकाचा संशय पुष्कळदा खरा असतो, पण तो भलत्या जागी जातो. ‘इंजिन खराब केलं’ म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे पिस्टन आणि बोअर असतात. नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये तिथवर कोणाचा हात पोचतच नाही. तेल बदलतात, प्लग काढून साफ करतात, एअर फिल्टर झटकतात, टॅपेट बघतात, केबली आणि चेन ताणतात, ब्रेक जुळवतात, गाडी धुतात. बिघाड शोधायचा तो या आठ-दहा जागी, कारण हात लागला तो तिथेच. जॉबकार्ड हा त्याचा नकाशा आहे. बिल भरून झालं की लोक तो कागद चुरगळून टाकतात, हे नवलच.

देखभाल केल्यामुळे यंत्र बिघडतं, हे म्हणणं एखाद्या मिस्त्रीला अपमानास्पद वाटेल. पण ते नीट मोजून सिद्ध झालं ते बॉम्बर विमानांवर. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरावर जर्मन पाणबुड्या हुडकण्याचं काम ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडकडे होतं. त्यांची लिबरेटर विमानं हवेपेक्षा हँगरमध्येच जास्त दिसत. हे कोडं सोडवायला बसलेल्या शास्त्रज्ञांत कॉनरॅड हॅल वॉडिंग्टन होते. मूळचे ते भ्रूणशास्त्राचे अभ्यासक; बालपणाची पहिली वर्षं त्यांनी दक्षिण भारतातल्या चहामळ्यावर काढलेली. विमानांची दर ५० उड्डाणतासांनी ठरलेली तपासणी होई. अचानक कराव्या लागलेल्या दुरुस्त्या तासांप्रमाणे मांडल्या, तेव्हा त्यांचा कळस तपासणीच्या लगेच नंतर दिसला. पुढे विमान जसजसं उडत जाई तसतशा दुरुस्त्या कमी होत. तपासणीनं बिघाड टळत असता तर चित्र उलटं दिसायला हवं होतं. धडधाकट भाग उगाच खोलले जात आणि परत बसवताना काहीतरी ढिलं, तिरकं किंवा विसरलेलं राहून जाई. तपासण्यांमधलं अंतर वाढवलं, अनावश्यक कामं वगळली आणि विमानं जास्त उडू लागली. वॉडिंग्टन यांचं या कामावरचं पुस्तक १९७३ मध्ये निघालं. पाच वर्षांनी, १९७८ मध्ये, युनायटेड एअरलाइन्सचे नोलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी केलेला अहवाल आला. त्यांनी तपासलेल्या विमानभागांपैकी ६८ टक्के भागांत बिघाडाचा धोका नवा भाग बसवल्यावरच सर्वाधिक होता, नंतर तो उतरून स्थिरावत होता. जुना होत गेल्यावर झिजून बिघडण्याची ठळक खूण फार थोड्या भागांत सापडली.

द्वारकेहून आग्रा रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर ओझर आहे. तिथल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग विमानं बनली आणि सुखोईही. विमानाच्या धंद्यात एक शिस्त जुनी आहे: उड्डाणाच्या सुरक्षेशी संबंधित भाग एकानं खोलून बसवला, तर दुसऱ्यानं तो तपासून सही करायची. दुचाकीच्या सर्व्हिस सेंटरला ही चैन परवडत नाही. दिवसाकाठी ठरलेल्या गाड्या उरकायच्या असतात, आणि शेवटची चाचणीफेरी मारणारा पुष्कळदा पाना फिरवणाराच असतो. म्हणून सर्व्हिसिंग टाळावं असं मुळीच नाही. काळं पडलेलं तेल आपोआप ताजं होत नाही. एवढंच की गाडी हातात आल्यावरचे पहिले पन्नासेक किलोमीटर दुसऱ्या सहीचं काम मालकालाच करावं लागतं.

यात एक गोष्ट फार उपयोगी पडते, ती म्हणजे बिघाड किती अंतरावर दिसला. दार ओलांडायच्या आतच गाडी सुरू होईना, तर आधी हँडलवरचा लाल किल स्विच बघावा. मिस्त्री तो बंद करतो आणि विसरतो. भलेभले लोक बॅटरी काढायला लावतात आणि मग कळतं. हल्लीच्या गाड्यांत साइड स्टँडलाही स्विच असतो. धुताना त्यात चिखल-पाणी अडकलं की स्टँड वर असूनही गाडीला तो खालीच वाटतो आणि गिअर टाकताच इंजिन मरतं. एक-दीड किलोमीटरवर, साधारण काठे गल्लीच्या सिग्नलपर्यंत, नीट धावून मग गुदमरल्यासारखी बंद पडली तर कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत पेट्रोलचा कॉक बंद राहिलेला असतो. टाकी उतरवताना तो बंद करावाच लागतो. कार्बोरेटरच्या वाटीत उरलेल्या घोटभर पेट्रोलवर गाडी तेवढं अंतर काढते. बाजूला घेऊन कॉक फिरवायचा, दोन किक मारायच्या, झालं.

धुण्यामुळे होणारा त्रास मात्र याहून जास्त आहे आणि त्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. प्रेशरच्या पाण्यानं गाडी लखलखीत होते आणि गिऱ्हाईक खूश होतं. धुलाई ही सर्व्हिसिंगची एकमेव डोळ्यांना दिसणारी बाजू आहे. पण प्लग ज्या खोलगट जागी बसतो तिथे पाणी साचतं. प्लगच्या रबरी टोपीत ओल शिरली की हजारो व्होल्टचा विद्युतदाब ठिणगी पाडण्याऐवजी ओलाव्याच्या वाटेनं इंजिनाच्या धातूत निघून जातो. गाडी मिसिंग मारते, झटके देते, इंजिन तापून ओल सुकली की तासाभरात शहाण्यासारखी चालते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला दाखवायला न्यावी तर काहीच नाही. जाताना त्रास आणि येताना ठीक, असा प्रकार असेल तर संशय पाण्यावर घ्यावा. टोपी ओढून काढावी, कोरड्या फडक्यानं आतून-बाहेरून पुसावी, टक्‌ आवाज येईपर्यंत परत बसवावी.

पेट्रोलबद्दलचा तो चिडवणारा प्रश्नही दर वेळी बहाणा नसतो. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पेट्रोल ओढलं जातं तेही तळाजवळूनच. टाकीच्या झाकणाभोवती साचलेलं पाणी बाहेर जायला एक बारीक नळी असते. ती मातीनं तुंबलेली असेल तर पावसाचं पाणी आत जातं, तसंच वॉशिंगच्या पाइपचंही. तेव्हा सल्लागारानं पंपाचं नाव विचारलं तर आपण वॉशिंगबद्दल विचारावं.

गाडी थंड असताना पहिल्या किकला सुरू होते, दहा-पंधरा किलोमीटर उत्तम चालते आणि गरम झाल्यावर कोंडीत आयडलिंगवर बंद पडते. बंद पडल्यावर लगेच सुरू होत नाही, पाच-दहा मिनिटं उभी केली की होते. ही सर्व्हिसिंगनंतरची सर्वांत दगलबाज तक्रार, आणि तिचा संशयित बहुधा टॅपेट असतो. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल आत घेणारा एक आणि धूर बाहेर सोडणारा एक, असे किमान दोन व्हॉल्व्ह असतात. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात बारीकशी फट ठेवावी लागते. गरम झाल्यावर धातू लांबतो, त्या वाढीला जागा हवी म्हणून. पुष्कळ छोट्या इंजिनांत ही फट ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे जवळपास डोक्यावरच्या केसाएवढी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, आणि तो थंड इंजिनाचा असतो. गोम इथेच आहे. सकाळी मालक दूरवरून गाडी चालवत आणतो आणि दुपारपर्यंत परत मागतो. इंजिन पुरतं निवायला काही तास लागतात, तेवढा धीर कोणाकडेच नसतो. मग फीलर गेजची पातळ पट्टी बाजूला राहते आणि टॅपेट हाताच्या अंदाजानं, आवाज ऐकत जुळवली जातात.

आवाज ऐकत जुळवण्यात आणखी एक सापळा आहे. फट जास्त राहिली तर वरून टक-टक असा शिलाई मशीनसारखा आवाज येतो. मालकाला तो आवडत नाही. ‘टॅपेटचा आवाज काढून टाका’ असं तो स्वतःच सांगतो. मिस्त्री आवाज काढून टाकतो, म्हणजे फट मारून टाकतो. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, आपल्या बैठकीवर पुरता टेकत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. जास्त रेसवर हे जाणवत नाही, आयडलिंगवर लगेच जाणवतं. यात एक नुकसान हळूहळू होतं: धूर सोडणारा व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता बैठकीला टेकलेला असतानाच तिच्यात सोडत असतो. टेकलाच नाही तर तो भाजत राहतो आणि कडेनं जळतो. तेव्हा थोडा आवाज करणारं टॅपेट परवडलं, मुकं टॅपेट महागात पडतं. काही इंजिनांत तेलाच्या दाबावर फट आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट असतात. तिथे जुळवायला काही नसतंच, आणि बिलात ‘टॅपेट ॲडजस्टमेंट’ दिसलं तर जरूर विचारावं.

प्लगची गोष्ट आपल्या महाराष्ट्रात थोडी वेगळी वळते. बजाजनं २००१ मध्ये पल्सर आणली आणि २००३ मध्ये तिला डीटीएस-आय हे तंत्र दिलं: एकाच सिलिंडरला दोन प्लग. ज्वाला दोन्हीकडून पसरते, मिश्रण लवकर आणि पुरतं जळतं. या दोन प्लगच्या पेटंटवरून बजाज आणि टीव्हीएस यांच्यात जुंपलेला वाद मद्रास उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. रस्त्यावरच्या माणसाला यातून कळायला हवं ते एवढंच की दोनांपैकी एका प्लगची टोपी ढिली राहिली तरी ही गाडी चालते. एका प्लगची गाडी अशा वेळी जागेवरून हलणार नाही. दोन प्लगची हलते, पळते, फक्त पिकअप मेलेला असतो आणि ॲव्हरेज घसरतं. मालक चार दिवस पेट्रोलपंपाला शिव्या देतो. इंजिनाच्या दोन्ही अंगांना वाकून बघितलं असतं तर लोंबणारी टोपी दिसली असती.

एअर फिल्टरचंही असंच. पेटीचं झाकण नीट बसलं नाही, क्लिप एकीकडून उघडी राहिली किंवा पेटीपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी सरकली, तर हवा न गाळता आणि न मोजता आत शिरते. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. मग रेस आपोआप वर-खाली होते, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फट्‌ फट्‌ आवाज येतात, इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापतं. आयडलिंग चढलं म्हणून कोणी स्क्रू फिरवून ते खाली आणलं, तर मूळ चूक झाकली जाते, इतकंच. एक झटपट तपासणी सांगतो. गाडी मेन स्टँडला लावून, न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावं. रेस वाढली तर थ्रॉटलची केबल जास्त ताणलेली आहे किंवा बसवताना चुकीच्या वाटेनं ओढली आहे. वळणावर ही गोष्ट जीवावर बेतू शकते, तेव्हा जागच्या जागी परत पाठवावी.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याआधी आरएक्स १०० आणि येझदीच्या पिढीनं जे केलं, म्हणजे रस्त्याच्या कडेला बसून प्लग घासायचा, जेट फुंकायचा, ते आता शक्य नाही. हवा किती, तापमान किती, थ्रॉटल किती उघडा, हे सेन्सर सांगतात आणि किती पेट्रोल फवारायचं ते ईसीयू हा गाडीतला छोटा संगणक ठरवतो. सर्व्हिसिंगमध्ये नवा धोका म्हणजे कपलर: टाकी किंवा फिल्टरची पेटी काढताना एखादा सेन्सरचा प्लास्टिकचा जोड सुटतो आणि अर्धवट बसतो. चावी फिरवल्यावर मीटरवर इंजिनाचं पिवळं चित्र पेटतं. इंजिन सुरू झाल्यावर ते विझलं पाहिजे. पेटतंच राहिलं तर गाडी ताब्यात घेऊ नये. स्कॅनर लावला की ईसीयू कोणता सेन्सर बोलत नाही ते सांगतो, पाच मिनिटांचं काम असतं. चावी फिरवल्यावर गाडीतल्या पेट्रोलपंपाचा बारीक घूं आवाज थांबेपर्यंत स्टार्टर दाबू नये, ही सवयही लावून घ्यावी. थ्रॉटल बॉडी साफ केली किंवा बॅटरी सोडवली असेल तर पहिल्या काही किलोमीटरांत आयडलिंग थोडं चढ-उतार होणं स्वाभाविक आहे. दोन दिवसांनीही होत असेल तर नाही.

तेलाचा घोळ उशिरा कळतो, म्हणून जास्त वाईट. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. मोटारीच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. क्लचच्या पट्ट्यांना मात्र घर्षणच हवं असतं. म्हणून जपानी उद्योगानं १९९८ मध्ये दुचाकीच्या तेलासाठी जासो हे वेगळं मानक ठरवलं. गिअरच्या गाडीला डब्यावर ‘एमए’ किंवा ‘एमए२’ हवं. ‘एमबी’ हे गिअरलेस स्कूटरचं, जिचा क्लच कोरडा असतो. एकाच सेंटरमध्ये दोन्ही प्रकारच्या गाड्या येतात आणि डबे शेजारी-शेजारी असतात. चुकीचं तेल पडलं की चौथ्या गिअरमध्ये उड्डाणपूल चढताना इंजिन ओरडतं आणि वेग वाढत नाही. लोक याला इंजिन बसलं म्हणतात. बसलेला असतो क्लच. क्लचची केबल जरुरीपेक्षा जास्त ताणली तरी हेच होतं, तेव्हा आधी लिव्हरला थोडा ढिलेपणा आहे का ते बघावं.

तेल कमी असलं तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. जास्त झालं तरी बिघडतं हे कमी लोकांना ठाऊक असतं. फिरणारा क्रँक तेल घुसळून फेस करतो, आणि फेसाला नीट दाब धरता येत नाही. जादा तेल श्वासनळीतून एअर फिल्टरच्या पेटीत येतं, मग निळसर धूर दिसतो. छोट्या गाडीला लिटरभराच्या आसपासच तेल लागतं, त्यामुळे अदमासानं ओतलेला अर्धा पावही बराच ठरतो. तेल तपासताना गाडी सरळ उभी हवी. साइड स्टँडवर कललेल्या गाडीचा डिपस्टिक खोटं बोलतो. खालचा ड्रेन बोल्ट ॲल्युमिनिअमच्या धातूत बसतो. जोरानं आवळला की आटे जातात, ढिला राहिला की थेंब पडतात. सर्व्हिसिंगनंतर दोन रात्री गाडीखाली एक जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवावं. तेलाचा फिल्टर काही इंजिनांत उलटा बसतो आणि उलटा बसला की तेलाची वाट बंद करतो. टॅपेटकडचा आवाज अचानक कर्कश झाला तर एक किलोमीटरही पुढे न जाता इंजिन बंद करावं.

इंजिनाचा काही संबंध नसलेल्या दोन गोष्टी इंजिनावर ढकलल्या जातात. मागचा ब्रेक गच्च जुळवलेला किंवा चेन ताणून तार केलेली असली तर गाडी ओढत नाही, ॲव्हरेज पडतं. मेन स्टँडवर मागचं चाक हातानं फिरवलं की उलगडा होतो.

तक्रार घेऊन जाल तेव्हा ‘गाडी नीट चालत नाही’ असं जॉबकार्डवर लिहू देऊ नये. थंड की गरम, किती किलोमीटरनंतर, आयडलिंगवर की रेसवर, बंद पडल्यावर किती वेळानं सुरू होते, हे शब्द त्यात हवेत. ‘गरम झाल्यावर आयडलिंगला बंद, पाच मिनिटांनी सुरू’ एवढी ओळ वाचून जाणता मिस्त्री फीलर गेज उचलतो. प्रत्येक खोललेली जागा परत बघून झाल्याशिवाय हेड उतरवायला, बोअर बघायला संमती देऊ नये. बदललेले जुने भाग मागून घ्यावेत. तक्रारीची फेरी मिस्त्रीला मागे बसवून मारावी आणि ती द्वारकेच्या कोंडीतून न्यावी, मोकळ्या रस्त्यानं नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं तेव्हा असा कायदाच नव्हता. आता सदोष सर्व्हिसिंग ही ‘सेवेतील त्रुटी’ ठरते. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवता येते. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीचं सर्व्हिसिंग दुसऱ्या शहरात झालं असलं तरी नाशिकचा रहिवासी नाशिकच्या आयोगात अर्ज करू शकतो, मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील नसला तरी चालतो आणि मुदत दोन वर्षांची असते. सोबत दोन्ही वेळची जॉबकार्डं, बिलं, किलोमीटरचा आकडा दिसणारा फोटो आणि शक्य असेल तर त्रयस्थ मिस्त्रीचा लेखी अभिप्राय जोडावा.